गाडीला अलार्म बसवावा का?

आमच्या खांदा कॉलनीतल्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी गाडी घेतली की पेढे सगळ्यांना वाटतात आणि सल्ला मला विचारतात. मला गाडीतलं फार कळतं म्हणून नव्हे. अख्ख्या पार्किंगमध्ये बाहेरून अलार्म बसवून घेतलेली एकच गाडी होती, ती आमची, आणि तिने बोंबलून बोंबलून सगळ्यांची दुपारची झोप उडवली होती. त्यामुळे कुणीतरी जिन्यात गाठून विचारतंच, ताई, बसवावा का हो, विम्यात सूट मिळते म्हणतात. मी सांगते, आता गाडीबरोबर कंपनीच देते, वेगळा कशाला बसवता. खरं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही.

बाबा विम्याचे सर्व्हेअर होते. गाडी ठोकली, जळली किंवा चोरीला गेली की भरपाई द्यायच्या आधी विमा कंपनी ज्याला बघायला पाठवते, तो माणूस. त्यांची नोकरी पळस्प्याच्या फाट्यावर गेली म्हटलं तरी चालेल. गोव्याचा रस्ता तिथे फुटतो आणि तिथे कुणी ना कुणी कुणाला तरी धडकतच असतं. बाबा स्कूटरवरून जायचे, रस्त्यावर उकिडवे बसून गाडीच्या पोटाखाली बघायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. अक्षर मोत्यासारखं. ट्रकवाले, गॅरेजवाले, हवालदार, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. बाबांनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, पण कुणी साहेब म्हणायला विसरला तर त्यांना ते लागायचं, हे मी मुलगी म्हणून सांगते.

दुसऱ्यांच्या गाड्या बघण्यात जन्म गेला आणि स्वतःची घेतली ती रिटायर झाल्यावर. छोटी, पांढरी. तेव्हा आई होती. तिने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, आणि रंगाला डाग पडतो म्हणून बाबांनी संध्याकाळीच ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला. पुढे आई गेली. माझं लग्न त्याआधीच मोडलं होतं. मी बेलापूरला ऑफिसात जाते आणि बाबांकडे राहते, दादा पुण्याला असतो. गाडी मला बाबांनीच शिकवली, रविवारी सकाळी, नवीन पनवेलच्या मोकळ्या रस्त्यांवर. गाडी बंद पडली की मी चिडायचे आणि ते हसायचे. माझा स्वभाव तापट आहे. आई म्हणायची, हिला साधं बोलताच येत नाही, प्रत्येक वाक्याला फोडणी लागते.

बाबा विसरायला लागले तेव्हा आधी शब्द गेले, मग चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं की व्हायचंच, हे म्हणायला सोपं असतं. हसण्यावारी नेता येईना ते पळस्प्यापासून.

एका सकाळी ते पाव आणायला म्हणून गाडी घेऊन गेले. पावाचं दुकान आमच्या गेटपासून पन्नास पावलांवर आहे, तेव्हा गाडी कशाला, हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं. दोन तास झाले. मोबाइल घरातच चार्जिंगला लावलेला. मग पळस्प्याहून एका हवालदाराचा फोन आला. बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर होता. मी रिक्षाने धावले. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी मातीत. बाबा डांबरावर उकिडवे बसून लिहीत होते: पुढची काच पूर्ण फुटलेली, डावा दरवाजा आत दबलेला, चालक जखमी. त्यांच्या समोर काहीच नव्हतं. मोकळा रस्ता होता आणि बाजूने कंटेनर जात होते. हवालदार जुना, इकडच्याच गावचा, बाबांना ओळखणारा. त्याने गाड्या वळवल्या होत्या, बाबांना सावलीला या म्हणून विनवलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, साहेबांनी मना पंचनामा लिवाया सांगितला. मी लिवला. नाय म्हनाया जीव झाला नाय."

डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. दादा म्हणाला, विकून टाक. पुण्याहून फोनवर सगळंच सोपं दिसतं. त्याने ती सकाळची वेळ पाहिली नव्हती. बाबा रोज सात वाजता फडकं घेऊन खाली जायचे, गाडी पुसायचे आणि मग आत बसायचे, स्टीअरिंगवर हात ठेवून, चांगला तासभर. वर यायचे तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असायचं. आज वार कोणता, माझी निघायची वेळ काय, आई आता नाही, हेसुद्धा. दुपारपर्यंत ते हळूहळू ओसरायचं. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते नुसती मान हलवायचे. मला मात्र पक्कं वाटत होतं की बाबा अजून बाबा आहेत ते त्या तासाभरामुळे. गाडी विकली तर घरात जो उरेल तो त्यांचे कपडे घातलेला दुसराच कुणी असेल. दादाचं मी एवढंच ऐकलं की गाडी माझ्या नावावर करून घेतली. बाबांनी कागदांवर सही केली, कशावर करतोय हे तीनदा विचारून.

म्हणजे मला गाडी ठेवायची होती, बाबांना तिच्यात बसू द्यायचं होतं, आणि मी घरात नसताना ती गेटबाहेर जाता कामा नये होती. चावी लपवली म्हणजे झालं, असं कुणीही म्हणेल. पण गाडी चोरीला गेली की कंपनी मालकाकडे दोन्ही चाव्या मागते. एक जरी नसली तर संशय येतो की गाडीत विसरला असेल नाहीतर आपणच कुणाला दिली असेल. त्यामुळे लोक दुसरी चावी कुठे ठेवतात, हे विचारण्यात बाबांचं आयुष्य गेलं होतं. दोन्ही चाव्या ऑफिसात बरोबर नेल्या तर ते दिवसभर कपाटं उपसत बसायचे. मी चावी तांदळाच्या डब्यात ठेवली, त्यांनी काढली. लोकरीच्या कपड्यांत ठेवली, काढली. देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवली, तर संध्याकाळी दिवा लावताना शांतपणे म्हणाले, देवामागे सगळेच ठेवतात. इतकं विसरणारा माणूस, पण चावी कुठे आहे हे त्यांना वासाने कळायचं. मला राग यायचा आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

अलार्मचं मला सुचलं ते जुन्या पनवेलमधल्या एका दुकानात. सीटकव्हर बदलायला गेले होते. दुकानदार वयस्क, कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात गाड्यांचंच काम करून परत आलेला. त्याने भिंतीवरचा अलार्म दाखवला. रिमोट न दाबता नुसत्या चावीने दार उघडलं तरी तो ठणाणा करतो आणि इंजिनही सुरू होऊ देत नाही. मी चौकशी करायला लागले तर त्याने आधी विचारलं, ताई, चोरासाठी पाहिजे की इन्शुरन्ससाठी? चोरासाठी असेल तर तुमच्या एवढ्या जुन्या गाडीला कुणी हात लावत नाही, आणि इन्शुरन्ससाठी असेल तर फायदा मामुली आहे. आपला माल विकला जाऊ नये म्हणून झटणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. मग मी खरं सांगितलं, वडिलांसाठी हवाय. त्याने अलार्म भिंतीवरून काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "तर मग ही चीज तुमच्या कामाची आहे. पण अब्बांना सांगून करा. त्यांच्या माघारी नका करू."

मी सांगितलं. फक्त खोटं सांगितलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, सेक्टरमध्ये गाड्या चोरीला जायला लागल्यात, आपल्या गाडीला अलार्म बसवू या, शिवाय विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. सूट हा शब्द मी मुद्दामच टाकला. बाबांना तुमची मुलगी पास झाली म्हणून सांगितलं तर ते बरं म्हणतील, पण पॉलिसीच्या कागदावर एखादी सूट मागायची राहून गेली असेल तर त्यांना जेवण जायचं नाही.

आणि मग बाबा बोलायला लागले. कितीतरी महिन्यांत बोलले नव्हते इतकं. खुर्ची पुढे ओढून, बोट उचलून, एकही शब्द न शोधता. सूट मिळते, पण सगळ्या हप्त्यावर नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो तेवढ्यावरच. दुसऱ्याला धडकलो तर त्याची भरपाई देण्यासाठी जो भाग असतो त्यावर एक पैसा कमी होत नाही. तेही यंत्र मान्यताप्राप्त असेल, बसवल्याचं प्रमाणपत्र असेल आणि कंपनीला कळवलं असेल तरच. गाडी जुनी होत जाते तशी तिची किंमत उतरते, आणि किंमत उतरली की सूटही चिमूटभर उरते. अलार्म बॅटरी पितो, तो खर्च वेगळा. आता चोराचं बघ. खरा चोर भरदिवसा टोचन लावून गाडी ओढून नेतो, आणि लोक बाजूला होऊन त्याला वाट करून देतात. अलार्म वाजला तर जो तो आपली गाडी नाही ना एवढंच बघतो. मी पाहिलेल्या चोऱ्यांत निम्म्या घरातल्या चावीने झाल्या, असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले.

मी म्हटलं, म्हणजे नको बसवायला? ते विचारात पडले. मग म्हणाले, "बसव. अलार्म चोराला अडवत नाही, पण आपण काळजी घेतली होती एवढं तरी कागदावर राहतं."

त्या शनिवारी मी त्यांना दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने त्यांना साहेब म्हटलं आणि पंख्याखाली स्टूल दिलं. बाबा स्टुलावर बसलेच नाहीत. बॉनेटमध्ये डोकं घालून ते सूचना देत होते. प्रमाणपत्रावरचा नंबर त्यांनी यंत्रावरच्या नंबराशी जुळवून पाहिला. भोंग्याची तार आधी जिथून घेतली होती तिथे खालून हात घालून कुणीही कापू शकेल, असं म्हणून त्यांनी ती सोडवायला लावली आणि दुसरीकडून नेली. कंपनीला द्यायचं पत्र त्यांनी तिथेच काउंटरवर लिहिलं, त्या जुन्या अक्षरात. दुकानदार माझ्याकडे बघत नव्हता. निघताना बाबांनी विचारलं, रिमोट दोन असतील ना? मी म्हटलं, आहेत, माझ्या पर्समध्ये आहेत. घरी पोचेपर्यंत ते विसरले आणि मी त्यांना आठवण केली नाही.

एक रिमोट माझ्याकडे आणि दुसरा वॉचमनकडे. आमचा वॉचमन बाबांना पहिल्यापासून ओळखतो. रिमोट घेताना तो अवघडला. "मॅडम, मना नाय बरा वाटत," म्हणाला, "गाडी साहेबांची न् रिमोट माज्या खिशात." मी त्याला ओरडले. म्हटलं, मग तू पळस्प्याला जाऊन आणत जा त्यांना. त्याने रिमोट खिशात टाकला. आता वाटतं, दोघांनी मला दोनदा सांगून पाहिलं होतं, एकाने दुकानात आणि एकाने गेटवर, आणि मी दोन्ही वेळा आपलंच खरं केलं.

पण सुरुवातीला माझी युक्ती छान चालली, हेही सांगायला हवं. सकाळी बाबा फडकं घेऊन खाली गेले की मी गॅलरीतून रिमोट दाबायचे. ते पुसायचे, बसायचे. मी चहा घेत वरून लक्ष ठेवायचे. आठ वाजता ते वर आले की मी पुन्हा रिमोट दाबून ऑफिसला निघायचे. भोंगा वाजायचा, पण इतर कारणांनी. मांजर टपावर उडी मारायची, कुणी बाइक काढताना धक्का द्यायचा, विमानतळाच्या बाजूला डोंगरात सुरुंग लावत होते तेव्हा तर रोज. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा चालायचा. मी प्रत्येकाला उलट उत्तर देत होते.

मग बाबा दिवसाकाठी दुसऱ्यांदा खाली जायला लागले. सकाळी बसून आलोय हे त्यांना अकरापर्यंत आठवेनासं झालं. चावी ते शोधून काढायचेच. दार उघडलं की भोंगा. वॉचमन धावत यायचा, रिमोट दाबायचा, साहेब चला, ताईंचा फोन आलाय, असं काहीतरी सांगून त्यांना वर पोचवायचा. मला बेलापूरला फोन करून म्हणायचा, आज पुन्हा झाला. पहिल्यांदा बाबा माझ्यावर चिडले, गाडीत बिघाड आहे म्हणाले. नंतर चिडायचे थांबले. भोंगा वाजला की ते नुसते दार सोडून मागे सरकतात आणि भिंतीला टेकून उभे राहतात, असं वॉचमनने सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, निदान सवय होतेय. हे मी मनात म्हटलं होतं, ते लिहून ठेवते, कारण विसरायची सोय आता मला नको आहे.

तो रविवार होता. वॉचमन गावात हळदीला गेला होता, रिमोट त्याच्याच खिशात राहिलेला. सकाळी बाबा बसून आले होते, मी रिमोटने गाडी बंद केली होती. दुपारी बाराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात कोलंबी साफ करत बसले होते, कोपरापर्यंत हात बरबटलेले, आणि फोन स्पीकरवर ठेवून दादाशी भांडत होते. तो पुन्हा विकण्याचं म्हणत होता. आठवड्याभरात ऑफिसातून दोनदा मला अर्ध्यातून यावं लागलं होतं. इतक्यात खाली भोंगा सुरू झाला. बाबा पुढच्या खोलीत नव्हते. कधी गेले, मला कळलंही नव्हतं.

मी उठले नाही. म्हटलं, वाजू दे. आज जरा वाजू दे, म्हणजे एकदाचं कळेल. दादा फोनवर विचारत होता, कसला आवाज येतोय, आणि मी त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांचा. मग मी उरलेली कोलंबी साफ केली. हात धुतले, लिंबू लावून पुन्हा धुतले. पुसले. रिमोट पर्समधून काढला, चपला घातल्या आणि लिफ्टची वाट बघितली. सगळं मिळून पाचेक मिनिटं झाली असतील. भोंगा तेवढा वेळ वाजत होता.

खाली रस्त्यावरचे सातआठ जण आत येऊन जमले होते. तिसऱ्या मजल्यावर आठच दिवसांपूर्वी राहायला आलेल्या भाडेकरूने बाबांचं मनगट धरलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. अनोळखी म्हातारा गाडीच्या दाराशी, गाडी किंचाळतेय आणि कुणी धावून येत नाही, तर त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. जुने शेजारी आपापल्या खिडक्या लावून बसले होते. त्यांना तो आवाज रोजचाच. बाबांच्या दुसऱ्या हातात गाडी पुसायचं फडकं होतं. चावी दारालाच लटकत होती. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी रिमोट दाबला. आवाज थांबला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबा मघापासून काहीतरी बोलत होते, भोंग्यामुळे ऐकू येत नव्हतं इतकंच.

"मॅडम," ते मला म्हणाले, "मी चोर नाही."

माझ्या मागे कुणी आहे का म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

ते म्हणाले, मी विम्याचा सर्व्हेअर आहे, गाडी बघायला आलो होतो, मालक कोण आहेत, त्यांना बोलवा, मी त्यांना समजावून सांगतो. भाडेकरूने त्यांचं मनगट सोडलं आणि सांगितलं, गाडी ह्यांचीच आहे. नंबरप्लेट बघून त्याने सोसायटीच्या यादीत माझं नाव आधीच काढून ठेवलं होतं. बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी हाक मारली, बाबा. पण म्हाताऱ्या माणसाला कुणीही बाबा म्हणतं. भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, कंडक्टर म्हणतो. दुसरी कुठलीच हाक माझ्याजवळ नव्हती. मी तीच पुन्हा मारली, आणि परक्या माणसाने आदर दाखवला की तुकवावी तशी त्यांनी मान तुकवली.

मग त्यांनी फडकं काखेत धरलं आणि मला हात जोडले. साहेब म्हटलं नाही तर ज्यांना लागायचं ते माझे वडील, माझ्यासमोर वाकून उभे होते.

"चूक झाली, मॅडम. पोलिसांत देऊ नका. आणि माझ्या घरी कळवू नका. मुलगी आहे माझी. ती फार रागावते."

मी म्हटलं, नाही कळवणार. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. भाडेकरूला तोवर उमगलं होतं, त्याचा चेहरा पडला होता, तो सारखा सॉरी म्हणत होता. जमलेली माणसं पांगली. मी बाबांना म्हटलं, चला, मी तुम्हाला घरापर्यंत सोडते. लिफ्टमध्ये ते माझ्यापासून अंतर ठेवून कोपऱ्यात उभे राहिले, परक्या बाईबरोबर उभं राहावं तसे. दार उघडून आत आलो, देव्हारा दिसला, आईचा फोटो दिसला, तसे ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, अगं, आज लवकर आलीस ऑफिसातून? मी हो म्हटलं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. हाताला लिंबाचा आणि कोलंबीचा वास तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि अलार्म काढून आणला. दुकानदाराने अब्बा कसे आहेत विचारलं आणि काही न घेता काम करून दिलं. भोंग्याची तार काढायला त्याला फार वेळ लागला, कारण बाबांनी ती इतकी पक्की नेऊन बसवली होती. यंत्र काढलं तर कंपनीला कळवावं लागतं, हे बाबांनीच शिकवलेलं. मी पत्र लिहिलं. कारण काय लिहावं, यावर बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं, गरज उरली नाही.

आणि ते खोटं नव्हतं. त्या रविवारनंतर बाबा फडकं घेऊन कधीच खाली गेले नाहीत. सात वाजले की मी चावी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवते. लपवत नाही, उघड्यावर ठेवते. ते ती पेपरखाली सरकवतात आणि पेपर वाचल्यासारखं करतात. एकदा मी म्हटलं, बाबा, गाडी पुसायला चला, धूळ साचलीय. तर म्हणाले, लोकांच्या गाडीला हात लावू नये. चोर यायचा तो आला नाही, विम्यात जे वाचायचं ते वाचलं ते इतकं थोडं की मला आठवतही नाही, पण गाडीला कुणी हात लावू नये म्हणून जे यंत्र बसवलं होतं त्याने आपलं काम चोख केलं. सकाळभर जे मिळायचे ते बाबा आता पाच मिनिटंही मिळत नाहीत. वार विचारतात. आईला हाक मारतात, चहा टाक म्हणून. दादा येऊन गेला; विकण्याबद्दल काही बोलला नाही. परत निघताना गाडीच्या टपावरून हात फिरवून गेला.

दवाखान्यात न्यायचं असलं की आम्ही रिक्षा करतो, कारण बाबा गाडीत बसत नाहीत. रिक्षा गेटबाहेर थांबते, म्हणून पार्किंगमधून चालत जावं लागतं. तिथे ते आमच्या गाडीपासून लांबून चालतात, दोन्ही हात पुढे घेऊन, पंजे उघडे, कुणालाही दिसतील असे. मी त्यांचा हात धरायला गेले तर सोडवून घेतात आणि पुन्हा तसाच धरतात. गेटबाहेर पडलं की हात खाली येतात.

परवा रिक्षा खांदा कॉलनीच्या सिग्नलला थांबली होती. बाबांनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हटलं की तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय, पण आधी रागावणार नाहीस म्हण. मी म्हटलं, नाही रागावणार.

"मागे खाली एका बाईंच्या गाडीला माझा हात लागला. केवढा गोंधळ झाला, माणसं जमली. पण बाई फार चांगली निघाली. घरी सांगणार नाही म्हणाली." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला काही बोलली का ती?"

मी म्हटलं, नाही बाबा, मला कुणी काही बोललं नाही.